पाहिला तेवढा धुरा

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपवर होते. त्यांची मुलगी नेहा एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली," आणि तिचा आवाज थांबला. "आले," मी म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा डोळे आयपीसला लावले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. समोर कुणाच्या तरी पित्ताशयाची स्लाइड होती, अगदी साधी, काळजीचं काही नसलेली. ती मी काठाकाठानं फिरून, सुरुवात केली होती तिथं परत येईपर्यंत पूर्ण पाहिली, आणि मगच उठले. कुंदाताईंना हे कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, "अवं, मी मेली तरी उठली नाही? पित्ताशय काय पळून जाऊन राहिलं होतं?" आणि मनातून खूश झाल्या असत्या, कारण ती सवय त्यांचीच. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. लोक विचारतात, सावरलीस का? सावरायचं नंतर पाहू… मला अजून भीतीच वाटते आहे.

आम्ही दोघी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे औषध न देणाऱ्या आणि पेशंटला बहुधा न दिसणाऱ्या डॉक्टर. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, मेणात बसतो, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप होतात, ते काचेवर चढून गुलाबी-जांभळे रंगतात, आणि मग हे काय आहे ते आम्ही सांगायचं. कुंदाताई कॉलेजात मला सीनियर होत्या. पुढे नागपुरात, सदर भागात आम्ही दोघींनी लॅब काढली आणि कागदोपत्री भागीदार झालो, पण त्यांच्यासमोर मी शेवटपर्यंत ज्युनियरच राहिले. आमच्या खाली चष्म्याचं दुकान आहे. "खालचा डोळ्याचा नंबर काढते, आपण जिवाचा काढतो," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. रिपोर्ट इंग्रजीत लिहायच्या, पेशंटच्या नातेवाइकांशी छान पुस्तकी मराठीत बोलायच्या, आणि दार लोटलं की माझ्याशी काटोलकडच्या आपल्या गावच्या बोलीत. ती बोली निघाली की समजायचं, आता बाई खऱ्या बोलू लागल्या.

आमचा मायक्रोस्कोप दोघींनी एकाच वेळी बघायचा आहे. एका स्लाइडकडे दोन बाजूंनी बघता येतं, पण स्लाइड सरकवायच्या चकत्या एकाच बाजूला. ती बाजू कुंदाताईंची. त्या फिरवतील तसं मी समोर बसून बघायचं; त्या नसल्या की मी माझ्याच जागेवरून हात लांबवून चकती फिरवायचे. आणि त्यांच्या आयपीसना हात लावायची सोय नव्हती. दोन आयपीसमधलं अंतर ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे कमीजास्त करावं लागतं, नाहीतर एकाऐवजी दोन गोल दिसतात आणि डोकं दुखायला लागतं. कुंदाताईंचे डोळे जरा जास्तच जवळ होते. त्यांच्या जागी बसणाऱ्या प्रत्येकाला दोन गोल दिसायचे. कुणी चाचपडत आयपीस ओढायला गेलं की त्या ओरडायच्या, "हात नोको लावू! माझं घर बसवून ठेवलं आहे मी तिथं."

आता धुऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या विदर्भात शेताला वावर म्हणतात, आणि दोन वावरांच्या मधला जो मातीचा, गवताचा पट्टा, तो धुरा. कुंदाताईंचे वडील दर वर्षी नांगरणीच्या आधी आपल्या वावराचा धुरा पायी फिरून यायचे. अर्धामुर्धा नाही, सगळा. शेजारी कितीही भला असला तरी त्याचा नांगर दर वर्षी एखादं तास, म्हणजे नांगराची एखादी ओळ, धुऱ्यात सरकतोच, आणि घराच्या ओट्यावरून पाहणाऱ्याला वावर जसंच्या तसं दिसत राहतं. लहानगी कुंदा वडिलांच्या मागे मागे चालायची आणि पाय दुखले म्हणून मध्येच बसली की ते म्हणायचे, राहिला तेवढाच कोरला असन तं? म्हणजे न फिरलेल्या तुकड्यातच शेजाऱ्याचा नांगर घुसला असेल तर?

यकृतात पसरलेल्या कॅन्सरकडे कुंदाताई याच नजरेनं बघत. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुष्कळदा यकृतात जाऊन गाठ करतो. ती गाठ काढली की तिच्या पोटापेक्षा तिचा काठ जास्त बोलतो. काही जणांत शरीर त्या गाठीभोवती तंतूंची जाड गुलाबी पट्टी उभारतं आणि पट्टीच्या बाहेर लहान लहान गोल पेशींची गर्दी राखणीला उभी असते. गाठ अलीकडे, यकृत पलीकडे, मध्ये धुरा. अशा माणसाला बहुधा वेळ मिळतो. काही जणांत मात्र पट्टी नसतेच. यकृताच्या पेशी पेरलेल्या तासांसारख्या ओळीनं उभ्या असतात. कॅन्सरच्या पेशी काही मोडतोड न करता त्याच ओळींत शिरतात, एकेकीला उठवून तिच्या जागी बसतात, तिच्याच वाट्याचं रक्त घेतात. दुरून सगळं शांत, जागच्या जागी. हा प्रकार वाईट. आणि फसवी गोष्ट अशी की दोन्ही प्रकार एकाच गाठीत सापडतात. सगळीकडे चांगली जाड पट्टी, आणि कुठंतरी एका कोपऱ्यात पेशी गुपचूप ओळींत शिरलेल्या. तो कोपरा कितीही लहान असला तरी पुढच्या आयुष्याचा अंदाज त्याच्यावरूनच बांधायचा. म्हणून आमच्या लॅबचा नियम होता, काठाची पूर्ण फेरी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी नवी असताना उत्साहानं काही बोलायला गेले की त्या चकती फिरवता फिरवता म्हणायच्या, "आधी धुरा फिरून ये वं, मंग बोल."

याच कुंदाताईंना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, गेलेले केस परत आले, त्या परत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि मी नवस न बोलताही फेडल्यासारखी हलकी झाले. मी मुळात भित्री. अवेळी फोन वाजला तरी मी आधी देवाचं नाव घेते. त्या मला म्हणायच्या, "तुह्या काळजात ससा बसून आहे." पुढच्या एका तपासणीत त्यांच्या यकृतात ठिपका दिसला तेव्हा त्या शांतपणे स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून बघत होत्या आणि भिंतीला टेकून उभी होते ती मी. एकच गाठ आहे, काढता येईल, असं सर्जन म्हणाले. काढलीही. आणि ती एका डब्यात, फॉर्मलिनमध्ये बुडून, आमच्याच लॅबच्या टेबलावर आली.

आमच्या धंद्यात आपल्या माणसाची स्लाइड आपण बघत नाही. नजर पक्षपाती होते. मी डबा दुसऱ्या लॅबला पाठवायला निघाले तर कुंदाताई दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर कडाडल्या, "बाहेर काहून पाठवते? बाहेरच्याले धुरा फिरणं जमते का? तू पाहा. आन् मंग मी पाहीन."

त्यांना बघायची घाई होती, त्याला कारण नेहा. कुंदाताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. जरीपटका वस्तीतल्या घरात मायलेकी दोघीच. नेहा मिहानमधल्या एका कंपनीत आहे, आणि कंपनी तिला नेमकी तेव्हाच मोठ्या कामावर जर्मनीला पाठवत होती. आईला सोडून जाणार नाही, असं तिचं चाललेलं. कुंदाताईंनी तोडगा काढला. "मी धुरा पाहते. साबूत असन तं तू जाशीन. नसन तं थांबशीन. बस, यावर आता वाद नोको." नेहा कबूल झाली, कारण तिला आई माहीत होती. कुंदाताई स्लाइडच्या बाबतीत खोटं बोलत नसत. रडणाऱ्या नातेवाइकांसमोर नाही, चिडलेल्या सर्जनसमोर नाही, देवासमोरही बोलल्या नसत्या.

मी ती स्लाइड आधी एकटीनं पाहिली. सकाळ होती, कूलर नुकता भरला होता, वाळ्याचा वास येत होता. मी कमी भिंगावर काठ पकडला आणि निघाले. पट्टी होती! जाड, गुलाबी, सलग, बाहेर राखणदार पेशींची दाटी. मी एकटीच हसले. असा सुंदर धुरा मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता. अर्धी फेरी झाली, पाऊण झाली, मी मनात नेहाची बॅगसुद्धा भरून टाकली… आणि मग पट्टी बारीक व्हायला लागली. राखणदार विरळ झाले. मी मोठं भिंग लावलं. पट्टी संपली होती. पुढच्या थोड्याशा जागेत कॅन्सरच्या पेशी यकृताच्या ओळींत बसल्या होत्या, नीट, रांगेत, तिथंच जन्मल्यासारख्या. त्यानंतर पुन्हा पट्टी सुरू होत होती, पुन्हा जाड, पुन्हा सुंदर. मी स्लाइड काढून पुसली, परत लावली, परत पाहिली. काचेवरचा डाग असता तर निघाला असता.

मी रिपोर्ट लिहिला आणि काही न झाकता केमो देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवला. उपचार तेच राहणार होते, ते त्यांनी मला फोनवर सांगितलंही. बदलणार होता तो फक्त अंदाज. माणसाच्या हातात किती ऋतू असावेत, याचा. बऱ्या होऊन लॅबमध्ये आल्या त्या दिवशी कुंदाताई दारातूनच म्हणाल्या, "रिपोर्ट मले दाखवू नोको. स्लाइड दे." त्या आपल्या खुर्चीत बसल्या. मी समोर. दोघींचे डोळे आयपीसला. समोरासमोर बसूनही तिथं एकमेकींचा चेहरा दिसत नाही, फक्त तो गुलाबी-जांभळा गोल दिसतो. हे किती बरं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी काठ पकडला. नेहमीच्या चालीनं, ना हळू ना भरभर. "पाह्य, धुरा कसा गच्च आहे," त्या म्हणाल्या. "बाबा पाहते तं खूश होते." मी हं म्हटलं. कूलरचा घर्रघर्र आवाज. गोल सरकत होता आणि पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात लाइट जावी म्हणून धावा करत होते. उन्हाळ्यात नागपुरात नको तेव्हा जाते, त्या दिवशी नाही गेली. पट्टी बारीक व्हायला लागली. चकतीवरचा त्यांचा हात मंदावला. बाहेरच्या पेशी विरळ झाल्या. आणखी एकच वळण… आणि गोल थांबला. थांबलेलाच राहिला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी हात चकतीवरून काढला आणि दिवा बंद केला.

"बस," त्या म्हणाल्या. "चाय सांग वं मीना."

ज्या बाईनं आयुष्यात एक काठ अर्धा सोडला नव्हता तिनं तो तसाच सोडला. मी चहा सांगितला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. नेहा ऑफिसमधून आली, खांद्यावरची बॅगही न उतरवता आईसमोर उभी राहिली. कुंदाताई म्हणाल्या, "पाहिला. मी पाहिला तेवढा धुरा साबूत आहे. तू जाय." नेहानं माझ्याकडे वळून पाहिलं. "मावशी?" कुंदाताई माझ्याकडे बघतही नव्हत्या, दाण्यांची टरफलं गोळा करत होत्या. मी म्हणाले, "आई सांगते आहे नं," आणि कपबशा उचलून आत गेले. मोरीपाशी नळ सोडून उभी राहिले. त्या क्षणी मला समजलं की त्या त्याच जागी का थांबल्या. पुढे गेल्या असत्या तर मुलीला एक तर खोटं सांगावं लागलं असतं, नाहीतर अडकवून ठेवावं लागलं असतं. दोन्ही त्यांना जमणारं नव्हतं.

नेहा गेली. त्यानंतरचे महिने मी जे जगले त्याला एकच शब्द आहे, धास्ती. कुंदाताई रोज लॅबमध्ये यायच्या, काम करायच्या, हसायच्या, आणि मी चोरून त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायचे, पिवळा तर नाही ना म्हणून. त्यांना ढेकर आला तरी माझं धाबं दणाणायचं. त्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर नेहाशी बोलायच्या आणि मी खोलीबाहेर जायचे, कारण पोरगी हसत मला हात करायची आणि तिच्याकडे बघणं मला होत नसे. लोकांच्या स्लाइड्सचे धुरे मात्र कुंदाताई आता दोन-दोनदा फिरायच्या.

दिवाळीनंतरच्या स्कॅनमध्ये यकृतभर ठिपके दिसले. या वेळी फिल्म उजेडाकडे न धरताच त्यांनी ती पाकिटात घातली. नेहा आठवड्याच्या आत परतली आणि आईजवळ राहिली. मला त्याचं फार बरं वाटलं आणि त्याचीच भीतीही वाटली, कारण आता ती कधीही विचारू शकत होती.

थंडीतली एक दुपार. कुंदाताईंची खाट अंगणातल्या उन्हात टाकली होती. त्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या, पायांवर सूज होती. नेहा औषधं आणायला गेली होती. मी संत्र्याची फोड सोलून त्यांच्या हातावर ठेवली, ती तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "तू फिरली होती नं पूर्ण?"

काय, ते विचारायची गरज नव्हती. "हो, ताई."

"किती होतं?"

"थोडंसंच होतं. एका कोपऱ्यात."

"थोडंसंच पुरते," त्या म्हणाल्या. पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच म्हणाल्या, अगदी कोरडेपणानं. मग डोळे मिटले. "धुरा बारीक होत आला तवाच समजलं मले. पुढच्या वळणावर काय असन ते दिसल्याबिगर दिसलं. मी म्हटलं, पोरीसाठी थांबून राहिली मी. पोरीले खोटं नाही सांगावं लागणार." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता, उन्हातही. "पण तसं नाही वं मीना. भेव वाटलं मले. जलमभर लोकायचे धुरे फिरली… माह्याच वावरात पाय उचलला नाही."

मी रडले. त्या नाही रडल्या. माझ्या हातावर थोपटत राहिल्या आणि गेटचा आवाज आला तशा म्हणाल्या, "पूस डोळे. नेहा आली." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात नेहा लॅबमध्ये आली. आईची खुर्चीवरची उशी, पाण्याची बाटली, ड्रॉवरमधला कंगवा असं सगळं तिनं पिशवीत भरलं. मग मायक्रोस्कोपसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला आईची स्लाइड बघायची आहे." याच गोष्टीची मला इतके दिवस भीती होती. नाही म्हणायला काही कारण सापडेना. मी कपाटातून स्लाइड काढली, लावली, काठ पकडून दिला. तिला म्हणाले, "थांब, आयपीस तुझ्या मापाचे करून देते, नाहीतर दोन गोल दिसतील." ती तोवर आईच्या खुर्चीत बसून वाकली होती.

"एकच दिसतोय," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. इतक्या वर्षांत त्या जागी बसून कुणाला एकच गोल दिसला नव्हता. मग माझ्या बाजूला जाऊन बसले. तिला चकती कशी फिरवायची ते सांगितलं, ही गुलाबी पट्टी म्हणजे धुरा, हिच्या कडेकडेनं चल, एवढं सांगितलं. ती निघाली. आईइतकी सफाई नव्हती, गोल धक्के खात सरकत होता. पण ती पट्टी सोडत नव्हती. अर्धं झालं. पाऊण झालं. पट्टी बारीक व्हायला लागली. आणखी एक वळण… गोल थांबला.

"मावशी, इथून पुढे पट्टी दिसत नाही."

"हो."

"आईनं हे पाहिलं होतं?"

समोर तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो गोल दिसत होता.

"इथपर्यंत पाहिलं होतं," मी म्हणाले.

दिव्याचं बटण तिच्या हाताशी होतं. मला वाटलं, आता बंद करेल. करावा असंही वाटलं. मग खाली दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला, आणि गोल हळूहळू सरकायला लागला. ती त्या कोपऱ्यातून गेली, ओळींत बसलेल्या पेशींवरून, थांबत थांबत, एकही ओळ न सोडता. पुढे पट्टी पुन्हा लागली. तिथून ती सुरुवातीच्या जागी येईपर्यंत चालत राहिली, आणि मग डोळे न उचलता म्हणाली, "झाला पूर्ण."

जाताना तिनं उशी नेली, बाटली नेली, कंगवा नेला. आयपीस मी तसेच ठेवले आहेत. लॅबमध्ये कुणी नवीन आलं की आधीच सांगते, त्या बाजूच्या आयपीसना हात लावायचा नाही.